गरोदरपणातील दाढदुखी : उपचारापेक्षा टाळाटाळ अधिक धोक्याची

प्रतिनिधी, नाशिक

सहावा महिना सुरू असतो. दिवसा गार पाण्याने चमकणारी दाढ रात्री दहानंतर ठणकू लागते. आडवे झाले की ठणका वाढतो, म्हणून ती स्त्री भिंतीला उशी लावून बसून रात्र काढते. घरात सल्ल्यांना तोटा नसतो. लवंग धर, हिंग भर, थोडी मिश्री दाबून ठेव, असे सांगितले जाते. 'अगं, आता दाताला हात लावू देऊ नकोस, बाळंतपण होऊन जाऊ दे, मग बघू', हा सासूबाईंचा शेवटचा शब्द असतो. सकाळी नवरा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दाढदुखीच्या गोळ्या आणून देतो. गोळीने चार तास बरे वाटते आणि डॉक्टरकडे जाण्याचा विषय मागे पडतो.

नाशिक शहरातील सिडको-सातपूरमध्ये काय किंवा पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर काय, हे चित्र कोणालाच अनोळखी नाही. या सगळ्यामागे एकच समजूत असते. दाताचे इंजेक्शन, दाताचा एक्स-रे आणि दात काढणे या तिन्ही गोष्टी पोटातील बाळाला अपायकारक आहेत, अशी ती समजूत आहे. वैद्यकशास्त्राचे आजचे मत याच्या नेमके उलट आहे. दातात झालेला पू, तापाने फणफणलेले अंग, दोन-दोन दिवस पोटात अन्न नसणे आणि मनाने घेतलेल्या गोळ्या हेच आई व बाळ या दोघांच्या दृष्टीने खरे धोके आहेत. योग्य काळजी घेऊन केलेला दंतोपचार हा त्यांवरचा उपाय आहे.

अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये याविषयी स्पष्ट भूमिका घेतली. गर्भवतीचे दात तपासणे, स्वच्छ करणे, पोटावर आवरण घेऊन दाताचा एक्स-रे काढणे, स्थानिक भूल देणे हे सर्व सुरक्षित आहे, आणि दात काढणे, रूट कॅनाल करणे किंवा किडलेला दात भरणे यांसारखे तातडीचे उपचार गरोदरपणाच्या कोणत्याही काळात करता येतात, असे संघटनेने म्हटले आहे. 'कोणत्याही काळात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. 'चौथ्या ते सहाव्या महिन्यातच उपचार' हा नियम आपल्याकडे अनेकांना ठाऊक असतो, पण तो सवडीने करावयाच्या कामांसाठी आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात आणि आईला मळमळ असते, तर शेवटच्या तीन महिन्यांत खुर्चीत पडून राहणे अवघड जाते. म्हणून जे थांबू शकते ते मधल्या तिमाहीत करावे, एवढाच त्याचा अर्थ. दाढेत पू झाला असेल तर तिसरा महिना आहे की आठवा, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

दात का दुखतात?

बाळ आईच्या दातांतील कॅल्शियम ओढून घेते, म्हणून गरोदरपणात दात खराब होतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. ते खरे नाही. आईच्या आहारात कॅल्शियम कमी पडले तर शरीर ते हाडांतून घेते. एकदा तयार झालेल्या दातांतून ते असे काढले जात नाही. खरे कारण अधिक साधे आहे. गरोदरपणात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात आणि दातावरच्या थोड्याशा कीटणानेही रक्त येऊ लागते. उलट्यांमधील आम्लाने दातांचे वरचे कवच झिजते. थोड्या-थोड्या वेळाने काहीतरी खाल्ले जाते, ब्रश तोंडात घालताच उमासे येतात, म्हणून दात घासण्याची टाळाटाळ होते. लग्नाआधीच किडलेली आणि तशीच सोडलेली दाढ नेमकी याच काळात डोके वर काढते.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण मऊ पडलेले कवच त्याने अधिक घासले जाते. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने दात घासावेत. काही स्त्रियांच्या दोन दातांमधील हिरडीवर लालभडक, हात लावताच रक्त येणारी गाठ वाढते. ती कर्करोगाची गाठ नव्हे. बहुतेक वेळा प्रसूतीनंतर ती आपोआप ओसरते. मात्र तपासणी करून खात्री करून घ्यावी. चावताना अडथळा येत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर ती आधीही काढता येते.

थांबायचे कधी, धावायचे कधी?

गार-गोड खाल्ल्यावर क्षणभर चमकणारा दात चार दिवस थांबू शकतो. आपोआप सुरू होणारा, झोपू न देणारा ठणका थांबू शकत नाही. दाताच्या आतील नस सुजल्याची ती खूण असते. ही नस मेली की दुखणे अचानक थांबते आणि 'बरे झाले' असे वाटते. प्रत्यक्षात पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत मुळाशी पू साठू लागतो. दुखणे थांबले म्हणून डॉक्टरांची ठरलेली वेळ रद्द करणारे रुग्ण याच टप्प्यावर फसतात.

पू झाल्यावर तो वाट शोधतो. हिरडीवर पुळी येऊन फुटली तर ते त्यातल्या त्यात बरे. तो गालात किंवा जबड्याखाली उतरला तर प्रकरण गंभीर होते. खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्याच्या खोल भागापर्यंत पोहोचलेली असतात. तेथून पसरणारा जंतुसंसर्ग जिभेखाली आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरतो, जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होते. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रतिजैविके येण्यापूर्वी या विकारात बहुसंख्य रुग्ण दगावत. गर्भवतीच्या बाबतीत धोका दुहेरी असतो. गरोदरपणात घशाच्या आतील आवरणाला मुळातच थोडी सूज असते, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणे अधिक अवघड जाते. शिवाय आईचा तीव्र जंतुसंसर्ग आणि ताप यांमुळे वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात.

म्हणून गालाची सूज डोळ्यापर्यंत किंवा जबड्याखाली पोहोचली असेल, तोंडात दोन बोटे जाण्याइतकेही तोंड उघडत नसेल, थुंकी गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, ताप १०१ अंशांच्या वर असेल किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर दंतवैद्याच्या दवाखान्याची सकाळची वेळ पाहत बसू नये. भूलतज्ज्ञ आणि प्रसूती विभाग दोन्ही असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच क्षणी जावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यासाठी बोलावता येते. दातदुखीसाठी रुग्णवाहिका कशी बोलवायची, या संकोचाने वेळ घालवू नये. बाळाची हालचाल कमी वाटणे, पोट कडक होणे, पाणी किंवा रक्त जाणे यांपैकी काहीही सोबत असेल तर आधी प्रसूती विभाग गाठावा.

सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देण्याची पद्धत घराघरांत आहे. ती सोडून द्यावी. त्याने पू बाहेरच्या बाजूला ओढला जाण्याची भीती असते. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा मात्र निर्धास्तपणे भराव्यात. लवंगेचे तेल कापसाच्या टोकावर थेंबभर घेऊन किडीच्या खड्ड्यात लावले तर तात्पुरता आराम पडतो. हिरडीला लागले तर ती भाजते.

पडझड ही आणखी एक तातडी. दुचाकीवरून किंवा ओल्या न्हाणीघरात पडून पुढचा दात मुळासकट निखळला, तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचलावा, कपभर दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या-पाऊण तासात दंतवैद्याकडे पोहोचावे. दात पुन्हा बसवता येतो. मात्र पडलेल्या गर्भवतीचे पोट आणि बाळाचे ठोके आधी तपासले गेले पाहिजेत. तोंडाला झालेली प्रत्येक इजा पडूनच झालेली असते असेही नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्या स्त्रीशी दोन मिनिटे एकटीने बोलावे, हे येथे नोंदवणे गैर ठरू नये.

इंजेक्शन, एक्स-रे आणि खुर्ची

दाताच्या इंजेक्शनला सर्वाधिक घाबरले जाते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. दंतवैद्य बधिर करण्यासाठी जे औषध टोचतात ते बहुधा लिग्नोकेन असते. प्रसूतीच्या वेळी टाके घालण्यापूर्वी जागा बधिर करण्यासाठीही हेच औषध वापरले जाते. ज्या औषधावर प्रसूतिगृह वर्षानुवर्षे विसंबून आहे, त्याच औषधाला दंतवैद्याच्या हातात घाबरण्याचे कारण नाही. आपल्याकडे त्यात बहुधा ८० हजारांस एक या प्रमाणात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साडेबारा मायक्रोग्रॅम. त्याने त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध तेथेच टिकते, आईच्या रक्तात सावकाश उतरते आणि एकूण औषध कमी लागते. ते शिरेत जाऊ नये म्हणून सुईचा दट्ट्या आधी मागे ओढून पाहतात. अर्धवट बधिरतेत वेदना सहन करताना आईचे शरीर स्वतःच जे अ‍ॅड्रेनलिन सोडते, तेही काही कमी नसते. रक्तदाब फार वाढलेला असेल तर प्रमाण मर्यादित ठेवावे लागते, हे खरे. पूर्ण भूल देऊन किंवा गुंगीच्या औषधाखाली करावयाचे काम मात्र शक्यतो प्रसूतीनंतर करतात.

एक्स-रेचेही तसेच. बाळाला अपाय होण्याचा प्रश्न सुमारे ५० मिलिग्रे किरणोत्सर्गाच्या पुढे उद्भवतो. दाताच्या एका छोट्या एक्स-रेमध्ये गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी, म्हणजे त्या मर्यादेच्या पाच हजारांश भागाहून कमी असते. किरण जबड्यावर रोखलेले असतात आणि पोट दूर असते. अमेरिकेतील दंतवैद्यकांच्या संघटनेने २०२४ मध्ये तर शिशाचे अ‍ॅप्रनही आता आवश्यक नाही, गर्भवतीलाही नाही, असे जाहीर केले. आपल्याकडे ते वापरण्याचा प्रघात आहे. त्याने रुग्णाला धीर येत असेल तर वापरण्यास हरकत नाही. एक्स-रे न काढता अंदाजाने चुकीचा दात उघडणे हा धोका मात्र खरा आहे.

ज्या गोष्टीकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही ती म्हणजे खुर्ची. साधारण विसाव्या आठवड्यानंतर गर्भवती सपाट पाठीवर झोपली की गर्भाशयाचे वजन पोटातील मोठ्या नीलेवर पडते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो. हा दोष बधिर करणाऱ्या इंजेक्शनवर ढकलला जातो, आणि 'मला इंजेक्शन सोसत नाही' असा कायमचा ग्रह होतो. उपाय सोपा आहे. खुर्ची अर्धी उभी ठेवावी आणि उजव्या कमरेखाली छोटी उशी किंवा दुमडलेला टॉवेल ठेवून अंग थोडे डावीकडे कलते करावे. दंतवैद्य विसरले तर रुग्णाने आठवण करून द्यावी. उपाशीपोटी जाऊ नये. सकाळी मळमळ होत असेल तर दुपारची वेळ मागून घ्यावी, आणि मध्येच उठावेसे वाटले तर हात वर करण्याचे आधीच ठरवून घ्यावे.

तातडीच्या भेटीत सगळे काम पुरे होण्याची गरज नसते. सुजलेली नस काढून किंवा दाढ उघडून पू वाहू देऊन वर तात्पुरते सिमेंट भरले की बहुतेक वेळा त्याच रात्री झोप लागते. उरलेले रूट कॅनाल आणि कॅप सवडीने होते. दाढ वाचण्यासारखी नसेल तर काढावी लागते. वरची दाढ काढली की डोळे जातात, ही धास्ती गरोदर नसलेल्यांनाही असते. दातांची नस आणि दृष्टीची नस या दोन वेगळ्या नसा आहेत, एवढे येथे पुरे. दातात चांदी भरण्याविषयी मात्र सावधगिरी बाळगावी. त्या मिश्रणात पारा असतो. युरोपीय संघाने २०१८ पासूनच गर्भवतींसाठी त्याचा वापर रोखला होता आणि २०२५ पासून सर्वांसाठीच बंद केला. जुनी भरलेली चांदी मात्र केवळ भीतीपोटी या काळात उकरून काढू नये, कारण पाऱ्याची वाफ उकरतानाच अधिक सुटते.

मेडिकलमधील पाकीट

दंतवैद्याच्या सुईपेक्षा मेडिकलमधील पाकीट अधिक धोक्याचे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दाढदुखीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, निमेसुलाइड किंवा पाण्यात विरघळणारे केटोरोलॅक असते. ही सारी एकाच जातीची वेदनाशामके. विसाव्या आठवड्यानंतर त्यांच्यामुळे बाळाच्या मूत्रपिंडाचे काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये या काळापासून ती टाळण्याचा इशारा दिला. शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर मिटायची असते, ती पोटातच मिटू लागण्याचा धोका असतो. पहिल्या तिमाहीतही ती मनाने घेऊ नयेत. फसगत होते ती जोडगोळ्यांमुळे. पाकिटावर पॅरासिटामॉलचे नाव ठळक दिसते आणि त्याच्या शेजारी डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक असते. 'पॅरासिटामॉलच तर आहे' म्हणून ती गोळी दिवसातून तीनदा घेतली जाते.

नुसते पॅरासिटामॉल हे गरोदरपणात पहिल्या पसंतीचे वेदनाशामक आहे. ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा तासांच्या अंतराने, डॉक्टर सांगतील तितकीच, दिवसभरात तीन ग्रॅमची मर्यादा न ओलांडता आणि कमीत कमी दिवस, असे त्याचे प्रमाण. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने या औषधाचा मुलांतील स्वमग्नतेशी संबंध जोडल्यानंतर आपल्याकडेही भीती पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने असा निर्णायक पुरावा नसल्याचे त्याच महिन्यात स्पष्ट केले. त्याआधी २०२४ मध्ये स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या होत्या; एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केल्यावर असा संबंध दिसला नाही. ताप आणि वेदना अंगावर काढणे हे त्यामानाने निश्चित धोक्याचे.

प्रतिजैविकांची गत वेगळी नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन व सेफॅलेक्सिन दीर्घ अनुभवाने सुरक्षित ठरली आहेत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर क्लिंडामायसिनसारखे पर्याय डॉक्टर निवडतात, आणि मेट्रोनिडाझोल गरज पाहून देतात. टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन मात्र चौथ्या महिन्यापासून बाळाच्या घडणाऱ्या दातांत व हाडांत जाऊन बसतात. आईच्या दातासाठी घेतलेले औषध बाळाच्या दातांवर पिवळसर-करडा डाग ठेवून जाते. दातांच्या दुखण्यात हमखास दिली जाणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनही या काळात टाळतात. सुरक्षित प्रतिजैविकानेही मुळाशी साठलेला पू जात नाही. गोळ्यांनी सूज उतरते, गोळ्या संपल्या की पुन्हा येते. दाढ उघडून किंवा काढून पू वाहू दिला तरच दुखणे संपते.

दाढ दुखते म्हणून मिश्री

महाराष्ट्रात या विषयावर लिहिताना मिश्री वगळता येत नाही. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची, हा रिवाज ग्रामीण भागात आणि शहरातील वस्त्यांत स्त्रियांमध्ये खोलवर रुजलेला आहे. सुरुवात बहुधा दाढदुखीनेच होते. आई किंवा सासू चिमूटभर मिश्री दुखऱ्या दाढेशी धरायला सांगते. जागा बधिरल्यासारखी होते. दुखणे ओसरते, सवय मात्र राहते. दिवसातून एकदाची मिश्री तीनदा होते. तिला कोणी 'तंबाखू' म्हणत नाही. ती दात घासण्याची पूड असते, त्यामुळे दवाखान्यात 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला स्त्री प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देते. 'मिश्री लावता का?' असे विचारले तरच खरे उत्तर मिळते.

मुंबईत १,२१७ गर्भवतींचा प्रसूतीपर्यंत मागोवा घेणारा एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटनमधील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मिश्रीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचे जन्मवजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि गर्भारपणाचा कालावधी सरासरी सहा दिवसांनी कमी झाला. अडीच किलोच्या काठावर असणाऱ्या बाळासाठी शंभर ग्रॅम ही लहान गोष्ट नव्हे. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत ही बंदी पोहोचत नाही. एका इंजेक्शनला घाबरून घरातली जी स्त्री सुनेला दवाखान्यापासून परावृत्त करते, तीच तिच्या हिरडीला रोज निकोटिन चोळायला देते, ही विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही. यात तिला दोष देण्यापेक्षा हे तिला नीट समजावून सांगितलेच जात नाही, असे म्हणणे योग्य होईल.

पुरावा काय सांगतो?

हिरड्यांचा आजार आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा संबंध १९९६ पासून चर्चेत आहे. हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती कमी होतील का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ८२३ गर्भवतींवर चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांवर एकविसाव्या आठवड्यापूर्वी उपचार केले गेले, उरलेल्यांवर प्रसूतीनंतर. २००६ मध्ये आलेला निष्कर्ष अपेक्षाभंग करणारा होता. पहिल्या गटात १२ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.८ टक्के प्रसूती अपुऱ्या दिवसांच्या झाल्या. म्हणजे उपचारांनी ते प्रमाण घटले नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने याच आकड्यांची दुसरी बाजू मोलाची आहे. खोलवर स्वच्छता आणि बधिर करण्याची इंजेक्शने घेऊनही पहिल्या गटातील माता-बाळांना अधिक धोका झाला नाही.

इस्रायलमधील अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दंतोपचार व स्थानिक भूल घेतलेल्या २१० गर्भवतींची तुलना ७९४ इतर गर्भवतींशी करण्यात आली. बाळांतील मोठ्या जन्मदोषांचे प्रमाण अनुक्रमे ४.८ आणि ३.३ टक्के आढळले. हा फरक पाहून दचकण्याचे कारण नाही. २१० मध्ये ४.८ टक्के म्हणजे दहा बाळे. एवढ्या छोट्या संख्येत दोन-तीन बाळांचा फरक योगायोगानेही पडतो, आणि गणिती कसोटीवर तो अर्थपूर्ण ठरला नाही.

'चिठ्ठी घेऊन या'

घरातील विरोध ओलांडून दवाखान्यात पोहोचलेल्या स्त्रीची पुढची अडचण वेगळीच असते. दंतवैद्य म्हणतात, स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन या. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, दाताचे दंतवैद्यांनाच विचारा. सुजलेला गाल घेऊन ती दोन दवाखान्यांच्या मध्ये चार दिवस हेलपाटे घालते. उद्या काही झाले तर नाव आपल्यावर येईल, ही दोघांचीही भीती समजण्यासारखी आहे. पण ज्या गर्भवतीला दुसरा काही आजार नाही, तिच्या दाढेतील पू काढण्यासाठी लेखी परवानगीची आवश्यकता नसते. वर उल्लेखिलेल्या २०१३ च्या भूमिकेनंतर हा प्रश्न खरे तर संपायला हवा होता.

सल्लामसलत जरुरीची असते ती रक्तदाब वाढलेला असेल, मधुमेह निघालेला असेल, वार खाली असेल, रक्तस्राव झालेला असेल, हृदयविकार असेल किंवा रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने चालू असतील तेव्हा. तीही फोनवर पाच मिनिटांत होऊ शकते आणि ती डॉक्टरांनी आपसांत करावी, रुग्णाला निरोप्या करू नये. अनेक गर्भवतींना हल्ली अ‍ॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी दिलेली असते. ती चालू असल्याचे दंतवैद्यांना अवश्य सांगावे, मात्र दात काढायचा म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. जाताना माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचा शेवटचा अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. आठवडे, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि साखर हे सारे त्या कार्डावर लिहिलेले असते. दंतवैद्यांना हवी असलेली बरीचशी माहिती त्यातच मिळते.

राज्यभरातील दंत महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे, आणि पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिर संस्थेचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या प्रकरणात दाढ, जबडा व हिरडी यांचे निरनिराळे तज्ज्ञ दंत महाविद्यालयात एकाच छताखाली भेटतात. गालाची सूज, ताप आणि सातवा-आठवा महिना असे सारे एकत्र असेल तर त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा शासकीय रुग्णालयासारखे, जेथे प्रसूती विभागही आहे, असे ठिकाण गाठणे श्रेयस्कर. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील स्त्रियांसाठी हे अंतर हाच मोठा अडसर ठरतो. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गर्भवतींची मोफत तपासणी होते. वजन, रक्तदाब, रक्त, पोट असे सर्व तपासताना त्याच वेळी तोंड उघडून दाढांवर टॉर्चचा उजेड पाडायला अर्धे मिनिट लागते. तिसऱ्या महिन्यात दिसलेला काळा खड्डा पाचव्या महिन्यात भरून घेता येतो. तपासणीत कोणी दात पाहिले नाहीत तर गर्भवतीने किंवा सोबतच्या आशाताईंनी ते दाखवावेत.

प्रसूतीनंतरची एक गोष्ट सांगणे राहिले. तातडीत दाढ उघडून भरलेले सिमेंट काही आठवड्यांपुरते असते. तोवर स्त्री बाळंतपणासाठी माहेरी गेलेली असते, दाढ दुखत नसते, बाळाच्या रात्रीच्या जागरणात तिची आठवणही राहत नाही आणि सिमेंट निघून खड्डा पुन्हा उघडा पडतो. माहेरी जाण्यापूर्वी अर्धवट राहिलेले काम कोणत्या दाढेचे आहे, काय झाले आणि काय बाकी आहे, हे दंतवैद्यांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो एक्स-रे सोबत न्यावा. माहेरच्या गावातील दंतवैद्य तेथून पुढे काम करू शकतात. त्यासाठी दूध पाजणे थांबवावे लागत नाही. बधिर करणारे लिग्नोकेन, पॅरासिटामॉल आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन ही तिन्ही औषधे स्तनपान करणाऱ्या मातेला चालतात.